यंदा काय शिकवावे?

शाळामास्तराला वर्षभर एकच काळजी असते : अभ्यासक्रम पुरा होईल की नाही? काय शिकवावे, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही; तो वरून सुटून आलेला असतो. म्हणूनच काही मंडळींनी हा प्रश्न माझ्यापुढे टाकला तेव्हा मी प्रथम सुखावलो आणि मग चांगलाच अडचणीत आलो.

मंडळी म्हणजे आमच्या शहापूर-मुरबाडकडचे स्वयंसेवक. पावसाळा लागला की माहुलीवर आणि माळशेज घाटाच्या अंगाला मुंबई-ठाण्याची तरुण मुले हौसेने येतात. कोणी वाट चुकतो, कोणी निसरड्या कड्यावरून घसरतो, कोणी डोहात उतरतो तो वर येत नाही. मग ही मंडळी हातचे काम टाकून शोधाला निघतात. त्यांत रिक्षावाले आहेत, शेतकरी आहेत, ठाकूरवाडीवरचे दोघेतिघे आहेत. प्रथमोपचार त्यांनी एकदा शिकून घेतला आहे. पण न वापरलेले ज्ञान गंजते आणि वैद्यकही एका जागी थांबत नाही. तेव्हा दर उन्हाळ्यात चार रविवार पुन्हा शिकायचे, असा त्यांचा नेम. शिकवायला डॉक्टर येतात. विषय ठरवायच्या बैठकीचे टिपण करायला मी. अक्षर बरे म्हणून!

चार रविवार, म्हणजे चार विषय. भराभर नावे आली. दोराला लटकून राहिलेल्याची सुटका, मणका मोडलेल्याला कड्यावरून उतरवणे, डोक्याचा मार, दरड. मीही उत्साहाने लिहीत गेलो. कादंबरीकाराला कडा आवडतोच. इतक्यात वाडीवरचे एक म्हातारबाबा म्हणाले, “गुरुजी, कड्यावरून पडणारा वर्षाकाठी एखादा. भुईवर निजणारे आम्ही रोज निजतो.”

बैठक गप्प झाली. त्यांना मण्यार म्हणायची होती. ती रात्री घरात शिरते आणि निजलेल्याला चावते. सूज नाही, फारसे दुखणेही नाही. काही वेळाने पापण्या जडावतात, आणि पुढे श्वासच मंदावतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. त्यांच्या शोधाला कोणी निघत नाही, कारण ती हरवलेली नसतात. ती घरातच असतात.

माझी लेखणी थांबली, तिला आणखी एक कारण होते. वीस वर्षांपूर्वी शाळेमागच्या बांधावर सातवीतल्या एका मुलाला घोणस चावली. लहानपणी प्रथमोपचाराच्या पुस्तकात वाचले होते तसे मी केले : मांडीला दोरी करकचून आवळली. दवाखाना गाठायला दोन तास लागले. मुलगा वाचला, पाय मात्र अधू झाला. त्यात विषाचा वाटा किती आणि माझ्या दोरीचा किती, हे कोणालाच सांगता आले नाही. दोरी आवळू नये, कापू नये, चोखू नये. धीर द्यावा, मोडलेल्या हाडासारखी फळी बांधावी, चालू न देता लस असलेल्या दवाखान्यात न्यावे, हे मला पुढे कळले. मी अडाणी नव्हतो. मी शिकलेला होतो, आणि तिथेच थांबलेला होतो.

तेव्हा विषय निवडणे ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही. उद्या कोणाला वाचवता येईल, हे आपण आजच कागदावर ठरवत असतो. स्वयंसेवक फुकट राबतो; त्याच्या हौसेला मान दिला पाहिजे, हे खरेच. परंतु निवड हौशीच्या बाजूने करायची की दुखावलेल्याच्या? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांपुढे विंचू चावलेली गोरगरिबांची माणसे येत. त्यांनी तोच आपल्या अभ्यासाचा विषय केला, आणि प्राझोसिनच्या साध्या गोळीने ती वाचू लागली. विषय दाराशीच होता. त्याला फक्त तोलाचा मानायचे होते.

पण मग कड्यावरच्या मुलाचे काय? तोही कोणाचा तरी मुलगाच. नुसती डोकी मोजून हा प्रश्न सुटत नाही. आम्ही दोन गोष्टी पाहिल्या : डॉक्टर भेटेपर्यंत कशात आपल्या हातांनी फरक पडतो, आणि कोणती एक विद्या अनेकांच्या कामी येते. बुडालेला, छातीत कळ येऊन कोसळलेला आणि मण्यार चावून श्वास थांबलेला, या तिघांनाही गरजेप्रमाणे छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे, याचाच आधार. तो पहिला रविवार झाला. दुसरा सर्पदंशाचा. तिसरा रक्तस्राव, मोडलेली हाडे आणि डोलीचा. मणका त्यातच बसला. चौथ्या रविवारी नवे काहीच नाही, मागचे पुन्हा हातांनी करून पाहायचे. दोराची सुटका राहिली. एक तरुण रागावला. उद्या कोणी दोराला लटकलेला सापडला तर त्याचा राग खरा ठरेल, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नसेल. निवडीची ही किंमत चुकत नाही. ती कोणाच्या वतीने आपण देतो, एवढे तरी ठाऊक असावे.

फळी बांधण्याचा सराव होता त्या दिवशी माझा तो विद्यार्थी आला होता. आता तो जीप चालवतो. बांधून घ्यायला त्याने आपण होऊन तोच पाय पुढे केला. मी फळी बांधली. बोललो काहीच नाही.

दिवाळीत आपण घर झाडतो. माळ्यावरचे जुनेपाने खाली काढून पाहतो. तसे, वाचकहो, एकदा शिकून ठेवलेलेही खाली काढून पाहावे. माझी दोरी अशीच कुठेतरी पडून होती.