तीर्थाची परीक्षा

उंद्रीसारख्या गावातून लोणारच्या धारेवर गेलेला यात्रेकरू गोमुखातून अखंड पडणाऱ्या पाण्याखाली स्नान करून, तेच पाणी बाटलीत भरून घरच्या आजाऱ्यासाठी आणतो, तेव्हा ते पिण्याआधी तपासावे असे सुचविणे हा श्रद्धेचा उपमर्द ठरतो काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. पेय जलाच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जीवाणू मुळीच आढळू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. तो विहीर, नळ आणि कुंड यांत भेद करीत नाही. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत भरलेले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, की मलदूषणाचा संशय घ्यावा, इतकी ती परीक्षा साधी आहे.

परंतु बाटली काळी पडल्याने तीर्थाचे माहात्म्य उणे होत नाही, आणि माहात्म्य थोर म्हणून पोटात गेलेला जंतू निरुपद्रवी होत नाही. कारण माहात्म्याचा निवाडा अंतःकरणात आणि जंतूचा निवाडा प्रयोगशाळेत होतो. सर्वसंगपरित्याग केलेल्या संन्याशालाही मनुस्मृती पाणी वस्त्राने गाळून पिण्यास सांगते. त्यामागचा हेतू जीवदयेचा मानला, तरी पाणी पारखून घेणे धर्मबाह्य नव्हते, एवढे त्यावरून उघड होते. विदर्भाच्याच गाडगेबाबांनी क्षेत्रोक्षेत्री खराटा चालविला, तो काही देवाचा अवमान म्हणून नव्हे. म्हणून धारेचे पाणी मस्तकी अवश्य धरावे, पण आजाऱ्याच्या ओठी लावण्यापूर्वी ते उकळावे. त्याने भक्तीत न्यून येत नाही.