काचेच्या टाकीतील पंचगंगा

कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांची सहल आंबा घाट उतरून रत्नागिरीस जाते, तेव्हा तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात मुलांची रांग लागते. देवमाशाच्या अजस्र सांगाड्यापाशी ती क्षणभर स्तब्ध होतात, रंगीत माशांच्या टाक्यांना नाके टेकवतात, आणि ‘पुढे सरका’ या हुकमासरशी बाहेर पडून डबे सोडतात. १९५१ साली मुंबईस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनी मासे बहुधा असेच पाहिले. हे पाहणे व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही, कारण विस्मयावाचून मूल प्रश्नाकडे वळत नाही. परंतु या पाहण्यात मासा दिसतो, त्याचा मुलूख दिसत नाही, आणि मुलूख वगळून माशाच्या देहाचा अर्थ लागत नाही.

वस्तुतः हा धडा शिकवण्यास कोल्हापूर जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. पश्चिमेस गगनबावड्यावर दरसाल पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पूर्वेस शिरोळ तालुक्यात तो पाचशेच्या आसपास. आणि ही दोन टोके शंभरएक किलोमीटरच्या अंतरात. घाटमाथ्याचे पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांच्या रूपाने खडकांवरून धावत निघते, प्रयाग चिखलीस त्याची पंचगंगा होते, आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत ते संथ, गढूळ व बंधाऱ्यांमागे तुंबलेले असते. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एखादी टाकी ठेवायची असेल, तर तीत बाजारचे गोल्डफिश न सोडता याच नदीचे मासे असावेत, आणि माशासोबत नदीचा तेवढा तुकडाही, म्हणजे तिचे गोटे, तिची वाळू, तिचा प्रवाह, टाकीत यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रथम मळ्या घ्यावा. पंपाचा झोत ज्या गोट्यावर आदळतो, त्याच गोट्यावर हा बोटाएवढा मासा जाऊन बसतो. तो काचेला चिकटला म्हणजे खालच्या ओठामागची मांसल चकती भिंगातून स्पष्ट दिसते. पोट सपाट, छातीचे पर दोन्ही अंगांस आडवे पसरलेले, आणि तोंड खालच्या बाजूस, खडकावरचे शेवाळ खरवडता येईल असे. शिक्षकाने नावाची पाटी झाकून ठेवावी आणि एवढेच विचारावे की, असे अंग असलेला प्राणी कोठे राहत असेल. २०१९ व २०२१ चे महापूर ज्या घरांनी सोसले, त्या घरांतील मुलांना पाण्याची ओढ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मात्र मळ्याने प्रवाहात टिकण्यासाठी ही चकती ‘करून घेतली’, असे उत्तर आले तर ते तसेच सोडू नये; ज्यांना खडक धरता आला ते राहिले, त्यांची संतती वाढली, ज्यांना धरता आला नाही ते वाहून गेले, आणि हे असंख्य पिढ्या चालले, हा क्रम चौथीच्या मुलास कळतो, असा माझा विश्वास आहे.

वामेचे प्रकरण निराळे. लांबट देह आणि टोकदार तोंड यांमुळे ती दगडांच्या कपारीत व गाळात शिरते आणि रात्री बाहेर पडते; मोकळ्या टाकीत ठेवली तर बिचारी कोपऱ्याकोपऱ्यांत सैरावैरा फिरते, आणि दगड रचून दिले तर तासन्‌तास दिसतच नाही. मुले तक्रार करतात की टाकी रिकामी आहे. माझ्या मते तीच टाकी उत्तम; कारण दोन दगडांमधून बाहेर आलेले नाकाड शोधून काढणारे मूल लपणे म्हणजे काय ते जितके पक्के शिकते, तितके प्रखर दिव्याखाली मांडलेल्या माशावरून कधीच शिकत नाही. आमची मत्स्यालये दाखवण्याच्या हौसेने बांधलेली असल्यामुळे हा लाभ त्यांत दुर्मिळ झाला आहे.

मरळ डोहातला. कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचे इंद्रिय डोक्यात असल्याने तो वारंवार पृष्ठभागी येऊन श्वास घेतो. ती वाट अडवली तर पाण्यात राहूनही गुदमरतो. हा तपशील ग्रंथापेक्षा भोयाच्या तोंडून ऐकावा. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा मळ्या, शिंगटी अशी बोलीतली नावे त्याने शास्त्रीय नावांत कायम ठेवली; ज्या समाजाकडे ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यातील एखाद्या वृद्धास ‘परिसर अभ्यासा’च्या तासाला सन्मानाने पाचारण करण्याची तजवीज प्रत्येक नदीकाठच्या शाळेने केली पाहिजे.

रत्नागिरीची सहल याच्या नंतर काढावी. मग खाडीच्या चिखलात परांवर सरकणारी, ओल्या त्वचेतून श्वास घेणारी, डोळे माथ्यावर असलेली निवटी पाहताना मुलांना मरळ आपोआप आठवेल, आणि समुद्राचा मासा खारे पाणी पितो, मिठाचा अंश कल्ल्यांवाटे टाकतो, नदीचा मासा मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही, हे ऐकून ती आश्चर्याने पुढचे विचारू लागतील.

आणि एक भेट पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्यास द्यावी, जेथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांची मळी मिसळलेल्या पाण्यातला प्राणवायू संपू लागला, म्हणजे निव्वळ कल्ल्यांवर जगणारे मासे आधी तडफडतात, मरळ अधिक काळ तग धरतो, आणि आफ्रिकेतून आलेला, वाईट पाण्याशी जुळवून घेणारा, पिल्ले तोंडात वाढवणारा चिलापी मागे उरतो. टाकीपाशी शिकलेले मूल तेथल्या भोयाच्या टोपलीत डोकावून विचारील की, यांत मळ्या का नाही. आणि त्या वेळी शिक्षकाने त्याला नदीच्या वरच्या अंगाला, पाण्यात पडणाऱ्या नाल्याच्या तोंडापर्यंत, चालवत न्यावे.