सोसताना शिकलेलं आज्ञापालन

किकवीकरांना आपल्याच जिल्ह्यातलं केडगाव ठाऊक असेल. तिथल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८२ मध्ये पतीही गेले. देवानं हे दुःख मुद्दाम धाडलं, असं मी म्हणणार नाही. पण पुत्र असूनही ख्रिस्त सोसता सोसता आज्ञापालन शिकला, असं इब्री लोकांस पत्र सांगतं. रमाबाईंचंही तसंच झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. ते पुरं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या.