मागे पडलेल्यासाठी थांबावे का?

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आपण पाहिली असेल. ठरलेल्या वेळेचा झेंडा घेऊन धावणारे पेसर त्यात असतात. याहून जलद धावू शकणारे हे लोक ४२.१९५ किलोमीटर इतरांच्या गतीने धावतात. लवकर पोहोचणे हीदेखील त्यांची चूकच! पण पेडर रोडच्या चढावर सोबतचा एकजण मागे पडला, तर? थांबले, तर झेंड्यावर विसंबलेल्या सर्वांची वेळ चुकते. न थांबणे आपल्याला निष्ठुरपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. शब्द सर्वांना दिलेला असतो. मात्र कुणी कोसळलाच, तर झेंडा खाली ठेवावा. दमणे आणि कोसळणे यांतला फरक धावता धावताच ओळखायचा, हे खरे कठीण. त्या चढावर रहिवासी पाणी, संत्री घेऊन उभे असतात. मागे पडलेला अगदीच एकटा नसतो.