थांबण्याचा हिशेब

पालघर हा बऱ्याच जणांनी खिडकीतूनच पाहिलेला जिल्हा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या गाड्या त्याला ओलांडून गुजरातकडे जातात, राजधानी एक्सप्रेस पालघर-बोईसर न थांबताच मागे टाकते, आणि बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला ठरलं असलं तरी बोलणं होतं ते ताशी 320 किलोमीटरचंच. सुरत किती तासांत, हे सगळे विचारतात. एवढ्या वेगातून थांबायचं कसं, ही चौकशी मात्र अपघातानंतरच होते.

थांबण्याचा हिशेब असा: वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो घालवायला बल लागतं आणि ते काही काळ लावावं लागतं. बल गुणिले काळ म्हणजे आवेग. जेवढा संवेग बदलला, तेवढाच आवेग. शाळेत याला उदाहरण मिळतं ते झेल घेताना हात मागे नेणाऱ्या खेळाडूचं. उदाहरण चोख आहे, पण झेल सुटला तर फार तर बोट सुजतं, म्हणून ते डोक्यात राहत नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघं होते. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले. मागचे दोघं गेले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या अपघाताचा नेमका हिशेब मांडणं माझं काम नाही, पण साधं गणित कुणालाही करता येईल. सत्तर किलोचा माणूस ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटरने चालला असेल, तर संवेग 1400. गाडीचं नाक चेपत जातं, पट्टा थोडा ताणला जातो, आणि थांबायला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. बल होतं 14,000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ दीड टनाचा भार. बरगड्या दुखावतील, पण निभावून जाईल. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. मग समोर जे कडक सापडेल त्यावर तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबतो. भार चौदा टन. संवेग तोच, फक्त काळ दहापट कमी.

याच वेगात दहा किलोचं लेकरू मांडीवर असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायलाही आईच्या हातांना दोनशे किलोचा ओढा पेलावा लागेल. “मी घट्ट धरलंय ना!” या वाक्यात माया खरी असते, गणित नसतं.

रेल्वेवरही तेच. भरलेल्या मालगाडीचा वेग बेताचाच असतो, पण वजन हजारो टनांत. चाकांना लावता येणारं बल मर्यादित, म्हणून काळ लांबवावा लागतो आणि गाडी किलोमीटरभर घसटत जाते. रूळ ओलांडणाऱ्याला फक्त तिची चाल दिसते.

मात्र या भागातलं थांबवण्याचं सर्वांत नाजूक काम चालतं ते तारापूरच्या अणुभट्टीत, आणि तिथे हे गणित वेगळंच वळण घेतं. युरेनियम फुटलं की न्यूट्रॉन सेकंदाला वीसेक हजार किलोमीटरने सुटतात. पुढचा अणू फोडायला ते मंद हवेत, सेकंदाला दोनेक किलोमीटरवर आलेले. जड अणूवर आदळून ते फारसे मंद होत नाहीत, भिंतीवरून उसळावं तसे परत फिरतात. संवेगाची दिशा उलटते, म्हणजे आवेग जवळजवळ दुप्पट, पण वेग जवळपास तेवढाच. जोराचा धक्का आणि वेगाची घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कळतं. मंद व्हायला बरोबरीचं कुणीतरी लागतं. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर नेमकी बसली की आपण थांबते आणि दुसरी पळते. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. साधारण अठरा टकरांत काम होतं. युरेनियमच्या केंद्रकांवर आदळून तेच साधायचं तर दोन हजारांवर टकरा लागतील.

पण साधं पाणी न्यूट्रॉन अडवता अडवता काही गिळूनही टाकतं. म्हणून 1969 साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागलं. ते अमेरिकेकडून यायचं. 1974 च्या पोखरणच्या अणुस्फोटानंतर त्या पुरवठ्यात अडथळे आले, आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारं ठोठावावी लागली. दुसरा मार्ग जड पाण्याचा. त्यातला ड्यूटेरियम म्हणजे साध्याच्या दुप्पट वजनाचा हायड्रोजन, त्यामुळे टकरा पंचवीसेक लागतात. पण तो न्यूट्रॉन क्वचितच गिळतो, आणि नैसर्गिक युरेनियमवर भागतं. शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या, 2005-06 मध्ये सुरू झालेल्या, त्याच पाण्यावर चालतात.