क्षमा कोणी करावी?

राजाच चुकला तर त्याला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न फार जुना आहे. कायद्याची पुस्तके उघडाल तर बहुतेक देशांत एकच लिहिलेले आढळेल की, मोठा असो वा लहान, गुन्हा तो गुन्हा. पण पुस्तक मिटले आणि खरोखरीचा मोठा माणूस आरोपी म्हणून पुढे उभा राहिला, म्हणजे त्या त्या देशाचा स्वभाव बाहेर पडतो. जपान आणि दक्षिण कोरिया हे एकमेकांचे शेजारी. त्यांच्या दोन हकिकती वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्हांस वाटले.

जपानात काकुएई तानाका नावाचे पंतप्रधान होऊन गेले. निइगाता प्रांतातल्या एका खेड्यात १९१८ साली जन्म, शाळा लवकर सुटलेली, बांधकामाच्या धंद्यात वर आलेले. १९७२ साली पंतप्रधान झाले, १९७४ साली ते पद गेले, आणि १९७६ च्या जुलैत त्यांस अटक झाली. लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीची विमाने जपानात खपावीत म्हणून पन्नास कोटी येन खाल्ले, हा आरोप. खटला वर्षानुवर्षे चालला. १२ ऑक्टोबर १९८३ रोजी चार वर्षांची कैद आणि तेवढ्याच रकमेचा दंड अशी शिक्षा झाली. तानाका अपील करून जामिनावर घरी आले. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, आणि त्यांच्या मतदारसंघाने त्यांस दोन लाख वीस हजारांवर मते दिली. निर्दोष असतानासुद्धा इतकी कधी पडली नव्हती!

लोक वेडे होते काय? मुळीच नाही. निइगातात हिवाळ्यात घरे बुडतील एवढा बर्फ पडतो. रस्ते बंद, शेत बंद, घरचा कर्ता पुरुष मजुरीसाठी शहरात गेलेला. अशा मुलखात तानाकांनी रस्ते नेले, डोंगर फोडून बोगदे केले, १९८२ साली वेगवान आगगाडी सुरू झाली तीही त्यांच्याच वजनाने. आपल्याकडच्या दुष्काळी गावात ज्याने पाणी आणले त्याच्याविषयी लोक जसे बोलतात, तसेच ते तानाकांविषयी बोलत. पंगत घालणाऱ्याच्या हिशेबाची वही कोणी मागत नाही. आपल्या दिंड्यांतूनही अन्नदात्या शेटजींची वही कोणी पाहिल्याचे आम्हांस ठाऊक नाही, मग निइगाताच्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने हसावे?

जपानी लोकांत 'मिसोगी' म्हणून एक शब्द आहे. मूळ अर्थ, पाण्याने अंग धुऊन मळ आणि विटाळ घालवणे. आरोप झालेला पुढारी पुन्हा निवडून आला की त्याची मिसोगी झाली, असे तिकडे म्हणतात. म्हणजे मते हेच तीर्थ! आपणही चंद्रभागेत स्नान करतो. पण शेजाऱ्याचे शेत दाबून बुडी मारली तर शेत परत द्यावे लागत नाही, असे एकाही वारकऱ्याने आम्हांस सांगितलेले नाही. तानाका १९९३ साली वारले तोवर शेवटचा निकाल लागला नव्हता. शिक्षेचा एक दिवसही त्यांनी भोगला नाही.

आता कोरिया. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरातले लोक लष्करी सत्तेविरुद्ध उठले. फौजेने गोळ्या घातल्या, कित्येक घरांतली तरुण पोरे गेली. त्या वेळी सूत्रे हाती असलेले सेनापती चुन डू-ह्वान पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण १९९६ साली ते आणि त्यांच्यामागून त्या पदावर बसलेले रोह ताए-वू, दोघेही कैद्याच्या कपड्यांत, एकमेकांचा हात धरून निकाल ऐकायला उभे राहिले. चुन यांस फाशी सांगितली गेली, अपिलात ती जन्मठेप झाली. इथवर ऐकून वाटते, वाहवा, न्याय असावा तर असा!

परंतु १९९७ च्या डिसेंबरात दोघांनाही माफी मिळाली. नुकतेच निवडून आलेले किम दे-जुंग त्या माफीला अनुकूल होते. हे किम कोण? १९८० साली चुन यांच्याच राजवटीत ज्यांना फाशीची शिक्षा झाली होती, तेच. मारू पाहणाऱ्याला सोडून द्यायचे हे थोर मन आहे, त्याला आमचा नमस्कार. तरी एक गोष्ट मनात खुपते. किमनी आपल्या गळ्याचा फास माफ केला, तो त्यांचा अधिकार. ग्वांगजूच्या आईचा मुलगा माफ करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? तिकडे पुढेही हेच चालले. पार्क गन-हे यांना २०१७ साली पदावरून काढले, कैदेत घातले, २०२१ च्या डिसेंबरात माफी. ली म्यंग-बाक यांना २०२२ साली माफी. मोठ्या माणसाला पकडायला तो देश कचरत नाही, पण धरून ठेवायला कचरतो.

अमेरिकेत तर खटलाही झाला नाही. निक्सन यांनी १९७४ च्या ऑगस्टात राजीनामा दिला, आणि महिन्याभरात एका रविवारी सकाळी चर्चला जाऊन आल्यावर फोर्ड यांनी त्यांस संपूर्ण माफी जाहीर केली. देशाची जखम भरून यावी म्हणून, असे त्यांचे म्हणणे. असो.

आपल्याकडे रामशास्त्र्यांचे नाव निघतेच. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश, याचा अभिमान कोणाला नाही? मात्र ते प्रायश्चित्त घडले का, हे आपण विचारीत नाही. दादासाहेब दहा वर्षांनी, १७८३ साली, आपल्या मरणाने गेले.

तेव्हा आम्हांस दिसते ते एवढेच की, सगळीकडे क्षमा झाली, पण जिथे तिथे ती दुसऱ्याच कोणी केली. जपानात लाभ झालेल्यांनी, अमेरिकेत गादीवर बसलेल्याने, कोरियात राष्ट्राच्या नावाने. कुणी म्हणेल, महाराज, संत तर क्षमाच शिकवतात. अहो, शिकवतात, पण स्वतःला लागलेल्या दगडाची. दुसऱ्याच्या डोक्यातले रक्त पुसून 'झाले गेले विसरा' म्हणणे ही क्षमा नव्हे, ती सोय आहे.

चुन डू-ह्वान २०२१ साली वारले. ग्वांगजूच्या लोकांची क्षमा त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही. सरकारची माफी खिशात असलेल्याला ती मागायची गरज तरी कुठली? २०२३ च्या मार्च महिन्यात त्यांचा नातू ग्वांगजूला गेला. मृतांच्या नातलगांपुढे त्याने गुडघे टेकले, मग दफनभूमीत जाऊन अंगातला कोट काढला आणि त्या कोटाने एकेका थडग्याचा दगड पुसू लागला.