संयोग, समवाय आणि प्रवाळातील मासे

एक वस्तू दुसरीच्या आश्रयाने राहते तेव्हा त्या दोहोंतील संबंध मुळातच अतूट असतो की केवळ जुळून आलेला, हा वैशेषिक दर्शनातील एक कळीचा प्रश्न आहे. वस्त्र जसे धाग्यांवाचून राहू शकत नाही, तसा आश्रयावाचून न टिकणाऱ्याचा संबंध तो समवाय. आणि फांदीवर पक्षी बसावा तसा, स्वतंत्र असणाऱ्या दोन द्रव्यांचा, विभागाने म्हणजे वेगळे होण्याने संपणारा संबंध तो संयोग होय.

प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा रचणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवते, म्हणून ही जोडी समवायाची वाटते. परंतु 1998 साली समुद्र तापल्यावर लक्षद्वीपचे प्रवाळ हे शैवाल गमावून पांढरे पडले, तेव्हा हा संबंध संयोगच असल्याचे दिसले. तरीही असा वियोग लांबला तर प्रवाळ मरते. म्हणजे जो संबंध तुटू शकतो तोही प्राणाधार असू शकतो.

माशांच्या बाबतीत अवलंबनाच्या अनेक पायऱ्या आढळतात. काही फुलपाखरू मासे जिवंत प्रवाळावरच जगतात, तर पोपट मासे खडकावरचे शैवाल खरवडून प्रवाळाच्या पिलांना रुजायला जागा करून देतात, त्यामुळे तेथे आश्रितच आश्रयाचा पोषक ठरतो. अधिवास बदलला की हे नातेही बदलते. 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या उथळ पाण्यात पावसाळ्यात खाड्यांचा गाळ येतो, तर विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर दूर, माथ्यावरही वीसेक मीटर खोल असलेल्या आंग्रिया बँकेवर पाणी नितळ असते. शिवाय तांबोशीची पिले खाडीतील खारफुटीत वाढतात आणि मोठी झाल्यावर खडकाळ समुद्राकडे जातात, म्हणून त्या माशाचा आश्रय एका स्थळापुरता सांगताच येत नाही.

याउलट, रायपूरच्या परिसरातील चुनखडक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. त्यात सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेले स्तंभाकार अवशेष सापडतात. त्या काळी प्रवाळही नव्हते आणि मासेही नव्हते. अशी रचना माशांवाचून उभी राहू शकते, हे त्यावरून कळते. तिला माशांचा आश्रय हे नाव मात्र मासे आल्यावरच लाभते.

प्रवाळ आणि मासे यांचा संबंध संयोगाचा मानल्याने तो गौण ठरत नाही. जे तुटूच शकत नाही, त्याच्या रक्षणाचे कर्तव्य संभवत नाही. खारफुटी, खाडी आणि खोल पाण्यातील खडक यांना जोडणारा धागा तुटू शकतो, आणि म्हणूनच तो सांभाळण्याचा धर्म माणसाकडे येतो.